काळ्या कापडाची द्वारकाबाई

द्वारकाबाई स्वभावाने चांगली होती असं मी लिहिणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे. पण ती स्वतः कधी कोणाबद्दल गोड बोलली नाही, आणि मलाही या वयात खोटं लिहायची सवय लावून घ्यायची नाही. ती खडूस होती. नव्या बायांना रडवायची. जेवणाच्या सुट्टीत स्वतःची भाजी कोणाला द्यायची नाही आणि दुसऱ्याची घ्यायची नाही. पण शिवणीतलं तिला जेवढं कळायचं तेवढं भिंगारात कोणाला कळत नव्हतं. मी तिच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलं, म्हणून मला हे सांगायचा हक्क आहे.

परवा टीव्हीवर बातमी होती. विषारी वायू आणि रोगजंतूंपासून जवानांना वाचवायला सरकार नवे सूट घेणार, त्याला अमुक इतके कोटी मंजूर. आकडा माझ्या लक्षात राहिला नाही, मोठे आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत. नातसून म्हणाली, "आजी, तुमी हेच शिवायच्या ना?" मी म्हटलं, हेच. मग दिवसभर द्वारकाबाई डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाचं वाचणाऱ्याने बघून घ्यावं.

भिंगारच्या कॅन्टोनमेंटात लष्कराचं एक भांडार होतं. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शिवण शेड होती. आम्ही तीस-पस्तीस बाया तिथे आधी तंबू आणि ताडपत्र्या शिवायचो. मग एक दिवस ट्रकमधून काळं कापड आलं. बाहेरून हिरवं, आतून काळं. आतल्या थरात कोळशाची भुकटी बसवलेली. दिवसभर शिवलं की हात, नाक, पदर सगळं काळं. सुपरवायझर पाटणकर म्हणाले, "बायांनो, शत्रूने विषारी हवा सोडली तर विष या कोळशात अडकतं आणि आतला माणूस वाचतो. सोन्याच्या भावाचं कापड आहे, सांभाळून." भिंतीवर पाटी लागली, 'रासायनिक व जैविक संरक्षण'. जैविक म्हणजे काय, असं एकीने विचारलं. पाटणकर म्हणाले, "रोगराई. लढाईत रोगसुद्धा सोडतात." आम्हाला तेवढंच सांगितलं आणि आम्हाला तेवढं पुरलं.

द्वारकाबाई पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, तिचं लहानपण फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत गेलं. तिचा नवरा याच भांडारात हमाल होता. त्याच्या अंगावर कापडाची खोकी कोसळून तो गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. शाळेची पायरी ती चढली नव्हती. पाटीवरची अक्षरं तिने माझ्याकडून शिकून घेतली, ती पण एकेक करून, भांडत. शिवण मात्र तिला कोणाला शिकवावी लागली नाही. लहानपणी फडावर उसाच्या पाचटीत बसून तिने गोधड्या घातल्या होत्या. ती म्हणायची, "पाचटीत गोधडी शिवली की कापडात कुसळं शिरत्यात. ती बोटानं हुडकायची. डोळ्याला न्हाई दिसत."

तशीच ती सूट तपासायची. सहा महिन्यांत पाटणकरांनी तिला मशिनवरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवलं. सूट उलटा करायची, डोळे मिटायची आणि अंगठ्याचं नख शिलाईवरून ओढत न्यायची. मग कनवटीचा जुना रुपया काढून शिलाईवर ठेवायची. रुपयाखाली दहा टाके आले पाहिजेत. भांडारातून तिला मोजपट्टी दिली होती, ती तिने पहिल्याच दिवशी खिडकीच्या फटीत अडकवून टाकली होती, वाऱ्याने ती आपटू नये म्हणून. नऊ टाके आले तर सूट परत. अकरा आले तरी परत.

"अकराला काय झालं गं?" नवी पोरगी कुरकुरायची. "जास्तच मजबूत."

"अकरा टाके म्हंजे अकरा भोकं. हवा तुला इचारून आत यायचीय का?"

परत म्हणजे कसा, तर ती काही न बोलता सूट तुमच्या मशिनवर फेकायची आणि वर ब्लेड ठेवायची. उसवा. बाया तिला मागून कर्नलीण म्हणायच्या. तिला ते माहीत होतं. एकदा कोणी मोठ्याने म्हणालं, "कर्नलीण आली, सलाम करा!" तर ही चालता चालता म्हणाली, "सलाम नको, बाहीचा टाका सरळ घाल."

त्या कापडाची एक गंमत होती. ते वास खायचं. आम्हाला हे कळलं ते बोंबलामुळे. एका बाईने पावसाळ्यात सुक्या बोंबलाचा डबा आणला आणि उघड्या गठ्ठ्यामागे ठेवला. दुपारी डबा उघडला तर बोंबलाला वासच नाही. सगळ्या हसायला लागल्या. "अगं, सरकारनं तुझं बोंबील खाल्लं!" द्वारकाबाई नाही हसली. तिने गठ्ठ्याचा वरचा थर नाकाशी धरला, मग त्याखालचा, मग त्याखालचा. आणि आख्खा गठ्ठा बाजूला टाकला.

पाटणकर धावत आले. "बाई, अहो किती किमतीचा गठ्ठा आहे तो!"

"ह्यानं बोंबील खाल्लंय सायेब. पोट भरलंय त्याचं. आता इष कुठं खाणार?"

पाटणकरांना ते पटलं. पुढे गठ्ठे प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद राहू लागले, शेडमध्ये डबे बंद झाले, अगरबत्ती बंद झाली, डोक्याला वासाचं तेलसुद्धा बंद. त्यासाठी बाया द्वारकाबाईला किती तरी दिवस शिव्या घालत होत्या.

पण कापडाचा हा गुण सगळ्यांनी घरी नेला. कातरणं पडायची, ती जाळायचा हुकूम होता. जाळत कोण होतं? पोलक्यात घालून आम्ही चिंध्या घरी न्यायचो. संडासात एक टांगली की वास नाही. चपलांच्या फळीवर टाकली की वास नाही. गेटवर आमची झडती घेणारी बाई होती, ती झडती घेऊन झाली की हळूच विचारायची, "मला आणली का?" एका मोठ्या साहेबांच्या घरून शिपाई यायचा, फ्रिजमध्ये ठेवायला दोन तुकडे द्या म्हणून. तेव्हा देशाचं सोन्याच्या भावाचं कापड निम्म्या भिंगारच्या संडासात लटकत होतं, हे मी लिहून ठेवते. मीही नेलं. माझ्याकडे चांगला मोठा गठ्ठा जमला होता.

द्वारकाबाईने मात्र दोऱ्याचा तुकडा नेला नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, जाळायचंच हाय ते. ने की."

"सरकारची चिंधी बी सरकारची. जाळायची तर जाळायची."

"लई मोठी सरकारची सून तू!"

"सून न्हाई. पन त्याच्या कापडात माझा नवरा मेला."

मग मी परत त्या वाटेला गेले नाही.

एकदा दिल्लीहून मोठे अधिकारी आले. मे महिना, पत्रे तापलेले. फोटो काढायचा म्हणून त्यांच्यातल्या एकाला सूट घालायला लावला. टोपी, मुखवटा, हातमोजे, सगळं. त्याने द्वारकाबाईला हिंदीत विचारलं की मावशी, माल कसा आहे? ती मराठीतच बोलली, "घातलाच हाय तर अर्धा तास काढू नका, मंग कळंल." सगळे हसले. फोटोवाल्याचं मशिन बिघडलं म्हणून तो अधिकारी दहा मिनिटं तसाच उभा राहिला आणि मग खुर्चीत बसला, तो उठेना. मुखवटा काढला तर तोंड पांढरं. द्वारकाबाईने स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. पाटणकर घाबरून "बाई, बाई" करत होते. ती म्हणाली, "गॅस यायच्या आधी घामानंच मरायचा गडी. त्याचं बी काही करा दिल्लीत." केलं असेल असं मला वाटत नाही.

आता मार्चचं सांगते. सरकारी खर्चाची एक चाल आहे, ती आम्हाला बायांनासुद्धा पाठ झाली होती. मंजूर झालेला पैसा मार्चअखेर संपला नाही तर परत जातो आणि पुढच्या वर्षी कमी मिळतो. म्हणून अकरा महिने आम्ही कापडाची वाट बघत बसायचो आणि बाराव्या महिन्यात कापडाचा डोंगर यायचा. एका मार्चला दोरा नेहमीचा नव्हता. दिसायला तसाच, पण द्वारकाबाईने दोन बोटांत धरून झटका दिला की तुटायचा. ती एकेक सूट परत टाकू लागली. शंभर टाकले, दोनशे टाकले. टेबलाच्या बाजूला ढीग तिच्या डोक्यापर्यंत गेला.

पाटणकर आले. वाईट माणूस नव्हता. हात जोडून म्हणाले, "बाई, आठ दिवस राहिलेत. सगळी ग्रँट परत जाईल."

"जाऊ द्या."

"पुढच्या वर्षी कापड मिळणार नाही. या तीस बाया घरी बसतील."

आम्ही सगळ्या मशिनं थांबवून बघत होतो. खरं सांगायचं तर आमच्यातली एकही तिच्या बाजूने नव्हती. मीसुद्धा नव्हते. शेवटी ती म्हणाली, "सायेब, सरकार कापडावर पैसा घालतं. टाक्यावर घालत न्हाई. मला पास करायला सांगू नका. दुसऱ्याला बसवा."

दुसरीला बसवलं. द्वारकाबाईला पंधरा दिवस दोऱ्याच्या खोलीत टाकलं. ढीग आठ दिवसांत पास झाला, खोक्यांत गेला, खोकी सील झाली. एप्रिलमध्ये ती टेबलावर परत आली. पुढे त्या मालाला काही झालं नाही. कारण तो कोणी वापरलाच नाही. मुदत संपेपर्यंत खोक्यात पडून राहिला आणि मग कापून टाकला. ती मला म्हणायची, "वापरत न्हाईत म्हनून निभावतंय, सरे. पाप झाकलंय ते वापरत न्हाईत म्हनून."

नंतरची वर्षं दोरा चांगला आला. तिच्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांतला माल तर तिने असा करून घेतला की आम्ही बाया स्वतःच हात फिरवून बघायचो. त्या मालाचा नंबर तिला तोंडपाठ होता. मग ती निवृत्त झाली, वर्षभराने मी झाले, आणि शेड बंद पडली. काम बाहेर कंत्राटावर गेलं.

तिचा मुलगा दत्ता एका कंपनीत होता. त्याची बायको मंगल. जाडजूड, सारखी हसणारी, तोंडाची फटकळ. द्वारकाबाईला हसवणारं माणूस मी एवढं एकच बघितलं. सासूने भाजीला नाव ठेवलं की मंगल म्हणायची, "आत्या, रुपया ठिवून बघा, धा फोडी येत्यात का!" आणि ही खडूस बाई पदर तोंडाला लावून हसायची. मंगल सरकारी दवाखान्यात कंत्राटी आया होती. दुसऱ्या वेळचा कोरोना आला तेव्हा तिची नेमणूक कोरोनाच्या वॉर्डात झाली.

वॉर्डात डॉक्टर-नर्सना पांढरे प्लास्टिकचे सूट होते. आयांना दोन पाळ्यांत मिळून एक, तोही काखेत फाटलेला. तोंडाला जाड पांढरा मास्क, तो एकच, आठवडाभर पुरवायचा. एका संध्याकाळी मी त्यांच्या दारात बसले होते. मंगल आली, बाहेरच बादलीतल्या पाण्याने हातपाय धुतले आणि लांबूनच म्हणाली, "आत्या, तुमी आख्ख्या लष्कराला शिवलं. मला येक झबलं शिवा की!"

ती हसत होती. द्वारकाबाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती भांडाराच्या गेटवर गेली. मला बरोबर नेलं, कारण तिला हिंदी येत नव्हती, आणि मला येते असा तिचा समज होता. गेटवरचा हवालदार कर्जतचा निघाला. "मावशी, लॉकडाऊन चाललाय, कुठं फिरताय? पास हाय का?"

"हितं वीस वर्षं काम केलंय. सायेबाला बोलीव."

त्याने कोणाला तरी फोन केला. एक तरुण अधिकारी आला. सभ्य पोरगा. लांब उभा राहून त्याने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, माझ्या सुनेला एक सूट द्या. मी पैसे भरते. तिने त्याला तिच्या शेवटच्या मालाचा नंबर सांगितला, कोणत्या गोदामात, कोणत्या भिंतीला खोकी आहेत तेही सांगितलं. तो चपापला. म्हणाला, ते लढाईसाठी आहे, वरून हुकूम आल्याशिवाय सील तोडता येत नाही. हुकूम मागवलाय.

"त्याची मुदत ह्या दिवाळीला संपती," ती म्हणाली. "मंग तुमी त्ये कापूनच टाकनार. आनि हितं माझी सून फाटकं घालती."

मी हे माझ्या हिंदीत त्याला सांगितलं. त्याला कळलं असावं, कारण तो खाली बघत राहिला. मग आत गेला आणि हाताला लावायच्या औषधाची बाटली घेऊन आला. ती मोठी, पाच लिटरची. दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली. तिने घेतली नाही. मी घेतली. फुकट होती.

परत येताना ती रस्त्यात थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरे, तुझ्याकडं असंल काळं कापड."

मी म्हटलं, असंल.

गठ्ठा माझ्या लोखंडी ट्रंकेत होता. चांगला राहावा म्हणून मी त्यात डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या. सगळ्याच बाया टाकायच्या. चांगली लुगडी, कोट, काळं कापड, सगळं गोळ्यांत. तिने गठ्ठा नाकाशी धरला. वरचा तुकडा, खालचा तुकडा.

"गोळ्यांचा वास येतोय."

"ट्रंकेत हुतं. येनारच की."

ती तशीच उभी राहिली. बोंबलाचा गठ्ठा तिने किती झटकन फेकला होता ते मला आठवलं. मी बोलले नाही. घरात हेच होतं आणि दुसरीकडे कुठे काही मिळत नव्हतं.

"चालंल," ती म्हणाली.

तिने रात्रीतून नाही, सावकाश दोन दिवस लावून तीन मास्क शिवले. दुहेरी कापड, नाकाजवळ चिमटा, कडेला पट्टी. मशिनवर नाही, हाताने. टाके असे की शिलाई दिसत नव्हती. मंगलने घातला आणि आरशात बघून म्हणाली, "लष्करी सून दिसती का?" दवाखान्यात जाऊन तिने काय केलं ते आम्हाला नंतर तिच्याबरोबरच्या आयेकडून कळलं. स्वतःचा पांढरा मास्क तिने त्या आयेला दिला. तिच्याकडचा फाटला होता. मंगल म्हणाली, "तू घे गं. मला माझ्या सासूचा हाय, लष्कराचा. त्यातनं इष बी जात न्हाई, रोग काय जातोय!"

ती आया जिवंत आहे. मंगल अकराव्या दिवशी तापाने पडली. तिच्याच वॉर्डात तिला ठेवलं. ऑक्सिजन लागला, मग मशिन लागलं, आणि ती गेली. दत्ताने अमरधाम स्मशानाच्या फाटकातून धूर बघितला. द्वारकाबाईला पोलिसांनी गल्लीच्या बाहेर सोडलं नाही.

रोग कुठून लागला हे कोणी सांगू शकत नाही. वॉर्डात लागला असेल, रिक्षात लागला असेल, पांढरा मास्क असता तरी लागला असता. मी तिला असं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाटनकर सायेबाचं घर कुठं हाय?"

पाटणकर सावेडीत राहायचे. फाटकाच्या जाळीआड खुर्ची टाकून बसले होते, खूप थकलेले. आम्ही बाहेर उभ्या. तिने त्यांची विचारपूससुद्धा केली नाही.

"सायेब, काळ्या कापडातनं रोग जातो का?"

पाटणकरांना आधी कळलं नाही. मग कळलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "बाई, ते कापड वायूसाठी. वास, वाफ, ते कोळसा धरतो. जंतूचं वेगळं असतं. त्याला पूर्ण सूट, वर मुखवटा, त्याला गाळणीचा डबा, हातमोजे. सगळं मिळून. नुसत्या तुकड्याने काय होणार?"

"पाटीवर तर लिव्हलं हुतं."

"ती पाटी सूटची होती."

"आमाला सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं नाही," पाटणकर म्हणाले. मग चष्मा पुसत, "मलाही सगळं कुठं सांगितलं होतं."

मी मध्येच डांबराच्या गोळ्यांचं विचारलं. विचारायला नको होतं. ते म्हणाले, तसं ठेवलेलं कापड वायूलाही चालणार नाही, त्यातला कोळसा आधीच भरलेला. कोणी ठेवलं होतं? मी म्हटलं, मी.

परतताना रिक्षात मला वाटलं, आता ही मला शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वास मला आला हुता." तेवढंच. पुन्हा त्या गोष्टीवर ती माझ्याशी कधी बोलली नाही.

भांडाराला सील तोडायचा हुकूम आला की नाही, मला माहीत नाही. खोकी उघडली नाहीत एवढं माहीत आहे. दिवाळी झाली, मुदत संपली. मुदत संपलेला माल कोणी वापरू नये म्हणून तो कापून निकामी करायचा असा नियम आहे. ते कामसुद्धा कंत्राटावर गेलं होतं. कंत्राटदाराला रोजाने बाया पाहिजे होत्या. द्वारकाबाई गेली. दत्ता तिला "आई, लोकं काय म्हनतील" म्हणाला, तरी गेली. मग मीही गेले. घरात बसून माझंही काही चाललं नव्हतं.

भांडाराच्या मागच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. तिच्याच नंबरची खोकी फोडून सूट पुढे ओतायचे आणि आम्ही मोठ्या कात्र्यांनी कापायचे. बाह्या वेगळ्या, पाय वेगळे, पाठ मधून. प्लास्टिकच्या पिशव्या फोडल्या की नव्या कापडाचा करकरीत आवाज यायचा. घडीसुद्धा मोडली नव्हती. मंगल गेल्यावर सहा-सात महिन्यांनी मी तिथे ती खोकी पहिल्यांदा उघडलेली बघितली.

द्वारकाबाईचं काम हळू चाललं होतं. ती प्रत्येक सूट उलटा करायची. कंत्राटदाराचा माणूस ओरडला, "ओ आजी, उलटं करून काय बघताय? मधून कापा. शिलाईवरनं नको, टाइम जातो."

तिने ऐकलं नाही. शिलाईच्या दोन्ही बाजूंनी कापड धरलं आणि गुडघा लावून ओढलं. शिलाई तसूभर हलली नाही. दुसरा घेतला, ओढला. तिसरा घेतला. माणूस जवळ आला. मी त्याला म्हटलं, "जा रं बाबा, कापती ती."

"एक बी न्हाई सुटला," ती मला म्हणाली. आनंदाने नाही आणि दुःखानेही नाही. तपासणीच्या टेबलावर बोलायची तसं. मग तिने हातातला सूट दोन्ही खांद्यांना धरून समोर उचलला, लांब धरला, डोकं तिरकं करून वरपासून खालपर्यंत बघितला. मोठ्या मापाचा होता.

"मंगलला बसला असता गं हा," ती म्हणाली. "पाय तेवढं चार बोटं आत घ्यावं लागलं असतं."

ती बराच वेळ तो धरून होती. मग तो मांडीवर पालथा घातला, कात्री त्याच्या गळ्यापाशी लावली, पाठीतून खालपर्यंत सरळ कापत नेला, दोन तुकडे दोन ढिगांवर टाकले आणि पुढचा ओढला.

माझे हात सुजले म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. ती सगळा माल संपेपर्यंत जात होती असं कळलं. पुढे भावाकडे पाथर्डीला गेली आणि तिकडेच वारली. मी गेले नाही.